‘टेनेसीनं दार उघडलं’ म्हणणाऱ्या वाचकांना

अमेरिकेतल्या राज्यांचे डॉक्टर-इंजिनिअरांसाठीचे परवाने कसे मिळतात, यावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: मी जुनी माहिती देऊन तरुण डॉक्टरांना घाबरवतो, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं कायदा केल्यापासून बाहेरच्या डॉक्टरांना रेसिडेन्सी (तिथल्या रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) लागत नाही, भारत वॉशिंग्टन करारात (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मान्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) असल्यामुळे आपल्या बी.ई.ला तिकडे थेट मान्यता आहे. आणि ‘असे लेख कोणाच्या फायद्यासाठी लिहिले जातात ते सगळ्यांना कळतं’.

ते शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून आधी त्याबद्दल. चौदा वर्षं मी या अर्जांत आहे: ट्रान्स्क्रिप्ट, व्हेरिफिकेशन, परवाना देणाऱ्या बोर्डाची पत्रं. एका रुपयाचं कमिशन कधी घेतलेलं नाही. माझं म्हणणं चुकीचं वाटत असेल तर ते खोडा, पुरावा द्या, मी आभारच मानीन. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे, याला टीका म्हणत नाहीत.

एक चूक मान्य करतो. टेनेसीचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, मी लेखात २०२४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता ‘रेसिडेन्सी लागत नाही’ या वाक्याकडे येऊ. तुम्ही कायद्याचा मथळा वाचलात, अटी वाचल्या नाहीत. टेनेसी देतं तो सुरुवातीला तात्पुरता परवाना. त्यासाठी आधी राज्यातल्या अशा संस्थेची नोकरी हातात हवी, जिच्याकडे एसीजीएमईची (रेसिडेन्सीला मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था) मान्यता असलेला प्रशिक्षण कार्यक्रम आहे. म्हणजे मोठी शिक्षण-रुग्णालयं. गावातला छोटा दवाखाना यात बसत नाही. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवाना परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ सीके (वैद्यकीय ज्ञानाची लेखी) पास हवी. मायदेशातलं तीन वर्षांचं पदव्युत्तर प्रशिक्षण हवं, नाहीतर अलीकडच्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस. आणि मायदेशातल्या कौन्सिलकडे नोंदणी चालू, निष्कलंक हवी.

आपल्याकडच्या डॉक्टरांना या अटींवर लावून बघा. एम.डी., एम.एस., डी.एन.बी. झालेले तीन वर्षांच्या अटीत बसतात. डी.जी.ओ. (स्त्रीरोग) किंवा डी.सी.एच. (बालरोग) हा दोन वर्षांचा डिप्लोमा, तो बसत नाही. तिथे प्रॅक्टिसच दाखवावी लागते. एम.बी.बी.एस. करून नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर तिकडे गेलेले, पाच-सहा वर्षं घरी अभ्यास आणि अधूनमधून ऑब्झर्व्हरशिप (रुग्णालयात नुसतं बघून शिकणं) करणारे तर दोन्हीत बसत नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त पत्रं येतात ती याच मंडळींची. फ्लोरिडानं २०२४ मध्ये कायदा केला, त्यातही मायदेशातलं प्रशिक्षण आणि अलीकडची सलग प्रॅक्टिस आहेच.

नोंदणीचं तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. परदेशात गेलेला माणूस हे विसरतो. मग जेव्हा ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचं, प्रमाणपत्र मागवायची वेळ येते, तेव्हा नोंदणीच संपलेली निघते. आधी नूतनीकरण, मग प्रमाणपत्र, ते कौन्सिलकडून थेट बोर्डाला, आणि तेवढ्यात नोकरी देऊ केलेल्या रुग्णालयाची मुदत उलटते. त्यात लग्नानंतर नाव बदललं असेल तर मार्कशीटवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव, कौन्सिलकडे माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. असे तीन कागद तीन नावांचे झाले की एकेक अर्ज परत येत राहतो. पासपोर्ट आणि कौन्सिलचं नाव परीक्षेला बसायच्या आधीच एक करून घ्या, हे मी लेखात लिहिलं होतं. त्याला तुम्ही घाबरवणं म्हणता.

पुढची गोष्ट व्हिसाची. परवाना राज्य देतं, व्हिसा अमेरिकेचं केंद्र सरकार. टेनेसीच्या बोर्डाला दोन स्टेप पुरतात, पण परदेशी पदवीच्या डॉक्टरानं रुग्ण तपासायचे तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप ३ सुद्धा पास हवी, हा केंद्राचा नियम आहे. आणि स्टेप ३ भारतात देता येत नाही. दोन दिवसांची ती परीक्षा अमेरिकेत जाऊनच द्यावी लागते. जे-१ व्हिसाचा उपयोग नाही, कारण डॉक्टरांना तो मान्यताप्राप्त प्रशिक्षणासाठीच मिळतो, नोकरीसाठी नाही. ग्रीन कार्ड असलेल्याला ही अडचण नाही. बाकीच्यांनी राज्याचा कायदा वाचून नागपूरची प्रॅक्टिस बंद करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

समजा, हेही जमलं. परवाना भिंतीवर लागला म्हणजे रुग्ण समोर बसला असं होत नाही. रुग्णालयाची समिती तुम्हाला कुठली कामं करू द्यायची ते ठरवते, विमा कंपन्या तुमचं नाव यादीत घ्यायचं की नाही ते ठरवतात, आणि दोघीही बोर्ड सर्टिफिकेशन (आपल्या शाखेतला तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र) विचारतात. बहुतेक शाखांत ते अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त रेसिडेन्सीशिवाय मिळत नाही. रेडिऑलॉजी आणि भूलशास्त्रात पर्यायी वाट आहे, पण ती चार वर्षांची आणि मोठ्या शिक्षणसंस्थेतूनच जाणारी. शिवाय एका परवान्यावरून इतर राज्यांत झटपट परवाने मिळवून देणारा जो आंतरराज्य करार आहे, त्यात यायला पूर्ण झालेली रेसिडेन्सी आणि बोर्ड सर्टिफिकेशन दोन्ही मागतात. म्हणजे टेनेसीच्या वाटेनं गेलेला डॉक्टर टेनेसीतच राहतो. ज्याला हे चालेल त्यानं जरूर जावं. आधी ठाऊक असावं, यासाठी मी लिहितो.

इंजिनिअरांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही, कारण तिथे तुम्ही करार वाचलेलाच दिसत नाही. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात आहे, बरोबर. पण करार पदवीच्या समकक्षतेचा आहे, परवान्याचा नाही, आणि त्यात एनबीएनं (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी आपली संस्था) टियर-१ खाली, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांच्या गटात, मान्य केलेले अभ्यासक्रमच येतात. विद्यापीठाला संलग्न असलेली आपली बहुतेक कॉलेजं टियर-२ मध्ये. मग राज्याचं परवाना बोर्ड एनसीईईएसकडून (अशा बोर्डांची अमेरिकेतली संघटना) मूल्यांकन मागतं, ते गणित आणि मूलभूत विज्ञानाची ३२ आणि अभियांत्रिकीची ४८ क्रेडिट्स मोजतं. आणि इथे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं हमखास अडकतात, कारण पहिल्या वर्षाचं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री त्यांच्या पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टवर नसतंच. तंत्रशिक्षण मंडळाची ट्रान्स्क्रिप्ट वेगळी पाठवली तरी डिप्लोम्याचे विषय पदवीच्या तोडीचे धरतीलच असं नाही. दुसरी चूक अभ्यासक्रमाची. पुणे विद्यापीठाच्या २००८ पॅटर्नच्या मुलानं वेबसाइटवरून २०१५ पॅटर्नचा सिलॅबस उतरवून पाठवला की मार्कशीटवरच्या विषयांची नावं त्याच्याशी जुळत नाहीत. आपल्याच वर्षाचा, कॉलेजच्या सही-शिक्क्याचा सिलॅबस लागतो. एफई आणि पीई या परवान्याच्या परीक्षा आणि साधारण चार वर्षांचा अनुभव हे त्यानंतरचं. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्वेक्षण या दोन परीक्षा वरून. कारखान्यात डिझाइन करणाऱ्याला बहुतेक राज्यांत परवाना लागतच नाही, हेही लेखात होतं.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, तशीच राहील. पुढची नावानिशी पाठवा, आणि टेनेसीच्या कायद्यातली कुठली अट मी चुकीची वाचली तेवढं तिच्यात लिहा.