एल्झ्बिएता ग्रानोव्स्का : वयापेक्षा नात्याची अडचण

पोलंडचा राजा व्लादिस्लाव यागिएवो याने 1417 मध्ये सानोक येथे एल्झ्बिएता ग्रानोव्स्का हिच्याशी केलेल्या तिसऱ्या विवाहाला त्याविषयीच्या एका लेखात ‘म्हाताऱ्या राजाचा हट्ट’ म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. चाळिशी ओलांडलेली, मुलेबाळे असलेली विधवा राणी म्हणून दरबाराला नको होती आणि तिच्यापासून वारस होण्याची आशा नव्हती, हे खरेच. परंतु खरा पेच वेगळाच होता. 1386 मध्ये यागिएवोचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा एल्झ्बिएताची आई यादविगा त्याची धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई) झाली होती. त्यामुळे चर्चच्या नियमानुसार वधूवर धर्माचे बहीणभाऊ ठरत होते आणि लग्नाला विशेष परवानगी लागत होती.

लग्नाच्याच वर्षी, नोव्हेंबर 1417 मध्ये, क्राकोला एल्झ्बिएताचा राज्याभिषेक झाला, तोही ल्वूवच्या आर्चबिशपच्या हस्ते, कारण पोलंडचे मुख्य आर्चबिशप मिकोवाय त्रोंबा कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत होते. राजाच्याच कचेरीतील स्तानिस्लाव चोवेक याने तिला डुकरीण ठरवणारे उपहासकाव्य लिहिले. त्याला दरबार सोडावा लागला, पण पुढे हेच गृहस्थ पोझ्नानचे बिशप झाले!

तिची कुप्रसिद्धी मुख्यतः यान द्वुगोश या इतिहासकाराच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे. मे 1420 मध्ये ती वारली, तेव्हा हा साक्षीदार पाच वर्षांचाही झाला नव्हता, हे लेखात यायला हवे होते.