मिस्टर इंडियाआधी श्रीदेवीला कोण ओळखत नव्हतं? चूक आहे ओ
बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपवर मेसेज फिरायलाय की मिस्टर इंडियामुळंच श्रीदेवी स्टार झाली, आधी तिला कोण ओळखत नव्हतं. साफ चूक. तो सिनेमा 1987 चा, तिचा हिंदी सिनेमा हिम्मतवाला 1983 लाच तुफान चालला होता आणि त्याच्याही आधी तमिळ-तेलुगूत ती मोठी हिरॉईन होती की. आपल्या भागातल्यांनी तर हे विसरूच नये, 1974 च्या कन्नड सिनेमा भक्त कुंबारमध्ये, कन्नड हिरो राजकुमार गोरा कुंभार झालेत बघा, त्यातली छोटी मुक्ताबाई हीच! मिस्टर इंडिया परत बघितला, जुगाराच्या अड्ड्यावर ती चॅप्लिन होऊन येते, टोपी, काठी, मिशी, आणि सगळा सीन खाऊन टाकते, गायब होणारा हिरो अनिल कपूर असला तरी नजर तिच्यावरनं हलत नाही. नवखीला जमतंय होय असलं? तो मेसेज पुढं पाठवू नका.