वही घेऊन भाषण ऐकणाऱ्या माणसाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

'टाळी वाजवण्याआधी' या माझ्या मागच्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळं लिहितो. लेखात मी एवढंच म्हटलं होतं की भाषण ऐकताना तीन गोष्टी टिपाव्यात. वक्त्याचं म्हणणं काय, त्याने कारण काय दिलं आणि त्या कारणाला आधार काय. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातल्या एका व्याख्यानाचा दाखला दिला होता. तिथे वक्त्याने कारण न देताच निष्कर्ष ठोकून दिला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

त्यावर हे गृहस्थ लिहितात, "गुरुजी, भाषण काळजातून निघतं आणि काळजात शिरतं. ज्याला वही-पेन घेऊन ऐकायचंय त्याने घरी बसावं. बाबासाहेबांची भाषणं काय कुणी टिपणं काढत ऐकली?" शिवाय लेखात मी दिलेलं न्यायशास्त्राचं, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्राचं, उदाहरण अर्धवट आहे, एका सभेवरून मी सगळ्या सोलापूरकरांना नावं ठेवली, आणि असे श्रोते समोर बसले तर नवी मुलं बोलायला उभीच राहणार नाहीत, असंही त्यांचं म्हणणं आहे.

आधी चूक कबूल करतो. अनुमानाचे, म्हणजे तर्क मांडण्याचे, अवयव पाच. प्रतिज्ञा (म्हणणं), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण आपल्या मुद्द्याला लावणं), निगमन (निष्कर्ष). मी चारच दिले, उपनय गाळला. 'जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात' एवढ्यावर थांबून चालत नाही, 'या डोंगरावरही तसाच धूर आहे' हे सांगावं लागतं. दाखवून दिलंत, बरं केलंत. पण त्याच शास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असा भेदही आहे. वादात खरं काय ते शोधायचं, जल्पात जिंकायचं, आणि वितंडात स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडायचं. तुमचा अभ्यास दिसतो म्हणून विचारतो, तुमची प्रतिक्रिया यांपैकी कशात बसते? आणि 'गुरुजी' म्हणालात ते. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतोय. ही हाक आदराने कधी येते आणि टोमणा म्हणून कधी, एवढं मला कळतं.

आता ते वाक्य. "वही-पेन घेऊन ऐकायचंय त्याने घरी बसावं."

माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, होते. १९८३च्या सुमारास, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, पाळी सुटल्यावर गेटसभा असली की मला बरोबर न्यायचे. मी सायकल धरून उभा राहायचो. त्यांच्या खिशात किराणा दुकानाची उधारीची वही असायची, कानावर पेन्सिल. दिवाळीच्या तोंडावर एका सभेत वक्ता गरजला, "आम्ही लढलो म्हणून तुम्हाला ८.३३ टक्के बोनस मिळतोय!" टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. मीही सायकल सोडून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. वडिलांनी टाळी वाजवली नाही. मागच्या पानावर '८.३३' लिहिलं, त्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'कायदा'.

रात्री भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "काय आणलं म्हणला त्यो?"

"बोनस."

"त्यो तर कायद्यानंच मिळतोय. त्याच्या वर काय आणलं ते सांग."

कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, साधारण एक महिन्याचा पगार. मालक नफ्यात असो की तोट्यात, तेवढा द्यावाच लागे. 'बोनस मिळाला' हे खरं आणि 'लढलो' हेही खरं. पण 'लढलो म्हणून मिळाला' हे त्या दोन्हींतून निघत नाही. चौथी शिकलेल्या माणसाने हे गेटवर उभ्या उभ्या पकडलं, कारण त्याच्या हातात वही होती. आणि ऐका, पुढच्या आठवड्यात त्याच वक्त्याच्या सभेला ते गेले. मोर्चातही पार शेवटपर्यंत चालले. प्रश्न विचारणारा माणूस सभा मोडायला येतो असं तुम्हाला का वाटतं?

अशा माणसाला तुम्ही घरी बसायला सांगता. असं लिहिताना समोर कोण आहे याचा एकदा विचार करायचा होता.

बाबासाहेबांचं नाव तुम्हीच घेतलंत. २५ नोव्हेंबर १९४९ला ते संविधान सभेत बोलले, आणि त्या सभागृहात बोललेला शब्दन् शब्द टिपला जात होता, म्हणून तर आज तुम्ही-आम्ही ते भाषण वाचतो. त्याची बांधणी पाहा. २६ जानेवारी १९५०पासून राजकारणात समता असेल, एक माणूस एक मत. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील. वाचताना अंगावर काटा येतो, तो त्या तर्काच्या पायऱ्यांमुळे. भावना नको असं मी कुठेच लिहिलेलं नाही. ॲरिस्टॉटलनेही वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद अशी तिन्ही साधनं मानली. माझी तक्रार तिसरं गायब असतं तेव्हाची आहे.

राहिले दोन आक्षेप. एका सभेवरून निष्कर्ष काढला म्हणता. सायकल धरून उभा होतो तेव्हापासून मी या गावातल्या सभा ऐकतोय, यापेक्षा जास्त काही सांगायची मला गरज वाटत नाही. मुलं बोलायला धजणार नाहीत, हेही तसंच. वक्तृत्व स्पर्धांसाठी माझ्याकडे तयारी केलेल्या मुलांना विचारा.

उपनयाची दुरुस्ती मूळ लेखात आजच करतो. वडिलांची ती वही माझ्या कपाटात आहे. '८.३३'च्या पानावर वरच्या बाजूला गोडेतेल अर्धा किलो, तूरडाळ एक किलो, असा आईचा हिशेब आहे. पाहायची असेल तर साखर पेठेत घरी या, चहा घेऊ. पण त्याआधी ते 'घरी बसावं' मागे घ्या.