घाटात रेंज घटली म्हणजे बॅटरी गेली? खुलासा

‘साखरप्याहून आंबा घाट चढताना रेंज झपाट्याने घटली तर इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बाद समजा,’ असा संदेश रत्नागिरीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे.

पडद्यावरची उरलेल्या चार्जची टक्केवारी आणि तेवढ्यावर जाता येतील ते किलोमीटर (रेंज) हे दोन वेगळे आकडे. टक्केवारी मुख्यतः बॅटरीत आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून काढतात. किलोमीटर हा नुकत्याच झालेल्या वापरावरून बांधलेला अंदाज. दीड टनाची गाडी ६०० मीटर वर न्यायला निव्वळ चढापायी सुमारे अडीच युनिट लागतात, म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीचे आठ टक्के. पुढेही असाच चढ आहे असं धरून गाडी पडद्यावरचे किलोमीटर कमी करते. उतरताना यातला बराच भाग रिजनरेशनने, म्हणजे मोटरनेच वीज बनवून बॅटरीत भरल्याने, परत येतो. घाटात टक्केवारीच बघा.

टक्केवारी खरोखर चुकते ती एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत. मधल्या टप्प्यात तिचं व्होल्टेज जवळपास सपाट असल्याने मोजणीतल्या बारीक चुका साठतात, आणि १५ टक्क्यांवरून आकडा एकदम कोसळू शकतो. ही मोजणी पुन्हा जुळावी म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या कालावधीने स्लो चार्जरवर १०० टक्के भरा, भरल्यावर प्लग लगेच काढू नका; बॅटरीतले सगळे सेल सारख्या पातळीवर यायला वेळ लागतो. तरीही आकडा उड्या मारत राहिला, तरच सर्व्हिस सेंटरमध्ये क्षमता तपासून घ्या.