वायर तोंडात आणि खातेय बॅटरी!

इलेक्ट्रिक गाडीला रात्रभर वायर लावलेली. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबलेलं. सहा चाळीसला ॲपवरून प्रीहीट (निघण्याआधी केबिन तापवणं) चालू केलं, सातला निघायचं. सातला दार उघडलं तर केबिन उबदार, काचा स्वच्छ, आणि बॅटरी ७७! सत्त्याहत्तर! नळ धो धो वाहतोय आणि ही बया पिंपातलं पाणी उपसत बसली!

मग "वायर लावलेली असतानाच प्रीहीट करा" असं सगळे कानीकपाळी ओरडता कशाला? पहिल्या दहा मिनिटांतच तर हीटर सगळ्यात जास्त ओढतो. पीटीसी हीटर (विजेवर थेट तापणारा) असेल तर पाच-सहा किलोवॅट, केबिन तापली की मग एक-दोनवर उतरतो. ती पहिली दहा मिनिटं भिंतीतल्या विजेवर निघावीत, एवढ्यासाठीच हा सगळा उपद्व्याप. आणि नेमकी तीच बॅटरीतून गेली. वीस मिनिटांत एक युनिटच्या वर. ४० युनिटची बॅटरी, म्हणजे तीन टक्के. हिशोब चोख, फक्त खिसा चुकीचा.

(आणि एवढी वीज हवा तापवायला लागते असं नाही बरं का. केबिनभर हवा असते तीन-चार किलो. ती वीस अंशांनी तापवायला युनिटचा साधारण पन्नासावा भाग पुरतो. बाकीचं सगळं पितात त्या गारठलेल्या सीटा, डॅशबोर्ड, काचा आणि पत्रा. म्हणून तर पाच मिनिटांत भागत नाही.)

वर ॲपची ती हिरवी खूण. 'प्लग जोडलेला आहे.' अरे, जोडलेला आहे हे दिसतंय, वीज घेतेस का ते सांग! प्लग जोडलेला असणं वेगळं आणि वीज येणं वेगळं. गाडीनं मागायचं, भिंतीवरच्या चार्जरनं पायलट वायरवरून (केबलमधली निरोपाची तार) 'इतके अँपिअर घे' म्हणायचं, मग त्याच्या पोटातला काँटॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, 'टक्' करून बसतो, तेव्हा कुठे वीज सुरू. आज तो टक् झालाच नाही. चार्जरच्या पडद्यावर ०.० किलोवॅट. आणि गाडीनं काय केलं? एक ओळ नाही, एक बीप नाही, गुपचूप बॅटरीत हात घातला. चोरांची पद्धत ही.

आता निघालाच आहे विषय तर त्या तीन पिनांच्या वायरीचंही होऊन जाऊ दे. १० अँपिअर, २३० व्होल्ट, म्हणजे २.३ किलोवॅट. हीटर मागतोय पाच. उरलेलं कोण देणार? बॅटरीच. तिथे टक्का घसरला तर तो बिघाड नाही, साधी वजाबाकी आहे. अशा वायरीवर तीस-चाळीस मिनिटं आधी सुरू करा, म्हणजे हीटर खाली उतरल्यावर गेलेलं थोडं थोडं परत भरतं. आणि २८ अंश लावून ठेवणारे महाभाग! अहो, सुरुवातीला हीटर तसाही पूर्ण ताकदीनंच चालतो बहुतेक गाड्यांत. २८ लावल्यानं लवकर तापत नाही, फक्त उशिरा थांबतं. २० लावा, सीटचा हीटर लावा. तो शंभरएक वॅटमध्ये भागवतो. पण माझ्या गाडीत तो ॲपवरून लागेल तर शपथ! पाच किलोवॅटचा राक्षस फोनवरून चालू होतो, शंभर वॅटच्या सीटसाठी मात्र माणसानं स्वतः जाऊन बटण दाबायचं.

"केबिन तापवली, मग चार्जिंग हळू का?" असं विचारणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. केबिन प्रीहीट म्हणजे बॅटरी प्रीहीट नव्हे. तुमचे पाय उबदार झाले म्हणून खालचे बॅटरीचे सेल तापत नाहीत, आणि गार सेल सावकाशच भरतात.

असो. आजचा गुन्हेगार सापडला. भिंतीवरच्या चार्जरमध्ये वेळापत्रक होतं, रात्री ११ ते पहाटे ५. पाचनंतर त्यानं दुकान बंद केलं. गाडीनं सहा चाळीसला दार वाजवलं, त्यानं उघडलं नाही. आणि हे वेळापत्रक घातलं होतं कोणी? ज्या शहाण्यानं वरचं सगळं लिहिलं, त्यानंच. स्वस्त विजेच्या हव्यासापायी. शिवाय गाडीत वेगळा चार्जिंग टायमर, ॲपमध्ये निघायची वेळ वेगळी. एका सॉकेटला तीन घड्याळं, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

तर घड्याळ एकच ठेवायचं, गाडीतलं. भिंतीवरच्या चार्जरचं वेळापत्रक पूर्ण काढून टाकायचं, तो चोवीस तास मोकळा. चार्जिंग कधी सुरू करायचं, निघायचं कधी, दोन्ही गाडीतच भरायचं, आणि वार तपासायचे. शनिवारची खूण नसते, हमखास. मग प्रीहीट लावून एकदा चार्जरपाशी उभं राहायचं. टक् ऐकू आला आणि आकडा दोन-तीन किलोवॅटच्या वर चढला, तर जमलं. फ्यूज उडेल ही भीती नको. पायलटवर जितके अँपिअर सांगितलेत त्यापेक्षा जास्त गाडी ओढत नाही, चार्जिंग आणि हीटर मिळूनसुद्धा.

चूक माझी, मान्य. पण 'वीज मिळत नाही, बॅटरी वापरतेय' एवढी एक ओळ फोनवर धाडायला काय जातं? टायरमध्ये हवा जरा कमी झाली की तीनदा कळवते. सीटवर पिशवी ठेवली की बेल्ट लाव म्हणून किंचाळते. आणि गेल्या अपडेटनंतर स्वागताची धून मात्र नवीन आली आहे. निघायची वेळ पुसून गेली, ते सांगायचं राहिलं.