चुंबक चिकटलं नाही म्हणून बदललेला व्हॉल्व्ह

रविवारी सकाळी भाचा बुलेटचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) पेपरात गुंडाळून घेऊन आला आणि थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बायको तेलाच्या डागाकडे पाहत होती, मी व्हॉल्व्हकडे. हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक ठीक होता. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टच्या जागी मात्र भलतंच काहीतरी.

"कंपनीचा होता तो कुठे आहे?"

"बदलला ना मामा. चुंबकच नाही चिकटून राहिलं त्याले. डुप्लिकेट मारला होता कोणी तरी."

"काहून रे बाप्पा, हे कोणी सांगितलं?"

मग त्यानं मोबाईल पुढे केला. 'हेडचं पाच मिनिटांत रेसिंग काम' असा एक व्हिडिओ, फॅमिली ग्रुपपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरलेला. त्यातला उपदेश असा: चुंबक न चिकटणारा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, नकली, व्हॉल्व्ह जितका मोठा तितकी पॉवर, स्प्रिंगखाली दोन वॉशर टाका, आरपीएम वाढेल, सोडियमचे व्हॉल्व्ह हे नासाचं नवं तंत्रज्ञान, सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) तीन कोनांत कापा, आणि जमलं तर टायटॅनियम टाका. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत बावीस वर्षं सीट कापण्यात आणि गाईड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) ठोकण्यात गेली माझी. गप्प बसवेना.

चुंबकापासूनच सुरू करतो, कारण माझ्या भाच्याचं इंजिन यानंच खाल्लं असतं.

आपल्या आया भांड्याच्या दुकानात चुंबक न चिकटणारं पातेलं 'चांगलं स्टील' म्हणून घेतात. व्हॉल्व्हला मात्र उलटा न्याय? एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी जगभर वापरलं जाणारं स्टील म्हणजे २१-४एन. सुमारे २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, आणि शेवटचा 'एन' नायट्रोजनचा. मँगनीजही भरपूर, ९ टक्क्यांच्या आसपास. या मिश्रणामुळे स्टीलची आतली घडण ऑस्टेनाइट नावाच्या प्रकाराची राहते, आणि ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही. ही घडण मुद्दाम निवडलेली असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड ७०० अंश सेल्सियसच्या वर तापतं आणि त्या उष्णतेत हे स्टील टिकतं. इनटेकला येणारी ताजी हवा थंड ठेवते, म्हणून तिथे सिलिकॉन-क्रोमचं साधं स्टील चालतं. ते चुंबकाला घट्ट चिकटतं. म्हणजे भाच्यानं चांगला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून इनटेकच्या जातीचा व्हॉल्व्ह सगळ्यात तापणाऱ्या जागी बसवला. असा व्हॉल्व्ह लाल होतो, कडा जळतात, कॉम्प्रेशन जातं. नशीब फुटकं असेल तर तोंड तुटून पिस्टनवर पडतं. हेड अजून इंजिनावर चढलं नव्हतं, म्हणून वाचला.

ॲल्युमिनियमचं तर बोलायलाच नको. ते ६६० अंशांना वितळतं. असा व्हॉल्व्ह वर्धा रोडवर विमानतळापर्यंतही पोचणार नाही. शिवाय स्टीलच्या तुलनेत त्याचं वजन एक तृतीयांश, नुसतं तळहातावर ठेवलं तरी कळेल.

चुंबक वापरायचंच असेल तर नीट वापरा. बऱ्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे दोन तुकडे जोडलेले असतात: तोंड २१-४एनचं, दांडी चुंबकीय स्टीलची. दांडीला चिकटलं आणि तोंडाला नाही, तर माल बहुधा बरोबर आहे. एक्झॉस्टच्या तोंडाला चुंबक टाळी वाजवून चिकटलं, तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. बाजारात डुप्लिकेट माल आहे, हे मी नाकारत नाही. पण तो ओळखायला दांडी मायक्रोमीटरनं मोजा, व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून वाकडेपणा पाहा.

आता 'मोठा व्हॉल्व्ह, मोठी पॉवर'. अमेरिकेतल्या एमआयटीचे इंजिनतज्ज्ञ चार्ल्स फेएट टेलर यांनी या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावला. हवा इनटेकमधून किती वेगानं जाते यासाठी त्यांनी एक आकडा दिला. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाला, व्हॉल्व्हच्या व्यासानं भागा, त्याचा वर्ग करा, पिस्टनच्या सरासरी वेगानं गुणा. मग फ्लो कोएफिशियंट (व्हॉल्व्हमधून हवा किती सहज जाते त्याचा आकडा) आणि आवाजाचा वेग यांच्या गुणाकारानं भागा. हा आकडा ०.६ च्या आत असेल तर व्हॉल्व्ह अडसर नाही. वर गेला की सिलिंडर भरणं झपाट्यानं घसरतं.

यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) बुलेट ३५० चं गणित मांडू. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९०, कमाल पॉवर ५२५० आरपीएमला. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.७५ मीटर. व्हॉल्व्ह समजा ३५ मिलिमीटरचा, कोएफिशियंट ०.३५, आवाजाचा वेग ३४५. उत्तर ०.५२. व्हॉल्व्ह ३८ चा केला तर ०.४४. दोन्ही ०.६ च्या आत, म्हणजे त्या आरपीएमला मोठ्या व्हॉल्व्हनं जवळजवळ काही मिळत नाही. ६५०० ला नेलंत तर ३५ चा व्हॉल्व्ह ०.६५ वर जातो, तिथे मोठा कामाचा. पण ९० च्या स्ट्रोकचं, पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी लांब दांडी) आणि हायड्रॉलिक टॅपेटचं इंजिन तुम्ही ६५०० ला रोज पळवणार आहात का? शिवाय पोर्टचा, म्हणजे व्हॉल्व्हकडे येणाऱ्या हवेच्या वाटेचा, गळा तसाच ठेवून नुसता व्हॉल्व्ह वाढवला, तर हवा गळ्यातच अडते. आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीला भिडला की त्या बाजूनं हवा येतच नाही. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, व्यासाच्या चौथ्या भागाएवढी झाली की व्हॉल्व्हभोवतीची वाट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. निवड त्या नात्यावर करा. तसंही नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, हवा १५ अंशांच्या सकाळीपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. पॉवरची काळजी असेल तर एअरबॉक्समध्ये इंजिनची गरम हवा शिरू देऊ नका. फुकटचं काम आहे.

वॉशर. हे ऐकून माझं डोकं उठलं. शिम असतात, मान्य. सीट कापल्यावर स्प्रिंग ढिली पडते, तिची बसण्याची उंची पूर्ववत करायला कडक, नेमक्या जाडीचे शिम टाकतात. हार्डवेअरच्या दुकानातला मऊ वॉशर म्हणजे शिम नव्हे. समजा स्प्रिंगची बसलेली उंची ४० मिलिमीटर, लिफ्ट ९, आणि स्प्रिंग पूर्ण दबून ठोस होते २९ ला. उरलेली जागा २ मिलिमीटर. दीड-दीडचे दोन वॉशर टाकले की लिफ्ट संपायच्या आधीच वेटोळे एकमेकांवर बसतात. मग पुशरॉड वाकतो, नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाल्ला जातो. निदान दीड मिलिमीटर जागा शिल्लक हवीच.

सोडियम आणि नासा? नासाची स्थापना १९५८ ची. सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इंजिनतज्ज्ञ सॅम हेरॉन यांनी १९२० च्या दशकात घडवले, आणि वैमानिक लिंडबर्गनं १९२७ मध्ये ज्या विमानानं अटलांटिक ओलांडला, त्याच्या राइट व्हर्लविंड इंजिनात ते होते. दांडी पोकळ, आत अर्धवट भरलेलं सोडियम. ९८ अंशांना वितळतं आणि वरखाली हिंदकळत तोंडाची उष्णता दांडीकडे नेतं. व्हिडिओत 'कापून बघा' म्हटलंय. कापू नका. पाण्याला लागलं की सोडियम पेटतं.

तीन कोनांच्या सीटचं मात्र तो खरं बोलला, काय करता. ४५ ची मुख्य सीट, वर ३०, खाली ६०. कमी लिफ्टला हवा बरी वळते. पण सीट 'धाग्याएवढी बारीक' करा म्हणतो, ते चूक. एक्झॉस्टची सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. पट्टी दीड ते दोन मिलिमीटरची ठेवा. टायटॅनियम स्टीलपेक्षा खरंच ४० टक्क्यांहून अधिक हलकं, पण साध्या लोखंडी सीटवर चालवलं की कडा खाल्ल्या जातात; सीटही बदलाव्या लागतात. रस्त्याच्या बुलेटला कशाला?

आणि जे त्या व्हिडिओत आलंच नाही: व्हॉल्व्ह किंवा कॅम बदलला की पिस्टनपासूनचं अंतर. भाचीच्या दप्तरातली प्लॅस्टिसिन पिस्टनवर दाबा, हेड बसवा, हातानं इंजिन दोन फेऱ्या फिरवा, उघडून सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला २, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर तरी हवेत.

जुना व्हॉल्व्ह फेकला नव्हता, भाच्याच्या डिकीत होता, टिश्यू पेपरात. दांडी मोजली, बरोबर निघाली. आता हेड माझ्याकडे आहे. गाईड किती झिजलंय ते पाहून सीट कापणार आहे. टेबलावरचा डाग अजून गेलेला नाही.