छिद्रांच्या आधी कवटी

काल्पनिक माणसाचा खराखुरा वाटणारा थ्रीडी चेहरा संगणकावर कसा घडवायचा, यावरचा तुमचा लेख छान, पण त्यातलं 'त्वचेची छिद्रं जितकी बारीक तितका चेहरा खरा' हे काही पटलं नाही. झीब्रशमध्ये (संगणकावर शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर) तयार अल्फा, म्हणजे ठशासारखं वापरायचं काळं-पांढरं चित्र, घेऊन छिद्रं कुणीही उमटवतं. गालाचं हाड आणि जबडाच जागेवर नसेल तर त्यांचा काय उपयोग? त्यातून माणूस काल्पनिक, म्हणजे ताडून बघायला एकच एक फोटोही नाही.

खरा घात करते ती सिमेट्री, म्हणजे एका बाजूला केलेला बदल दुसऱ्या बाजूलाही आपोआप उमटवणारी सोय. सुरुवातीला सोयीची, पण शेवटपर्यंत चालू ठेवली की चेहरा निर्जीव झालाच म्हणून समजा. एक पापणी किंचित उतरलेली, नाक जरासं कलतं, एवढंही पुरतं. आणि डोळे! खालच्या पापणीच्या कडेची ओलसर रेघ, आतल्या कोपऱ्यातला गुलाबी मांसल ठिपका राहून गेला की नजर मेलेलीच. (मसाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये रोबोंबद्दल मांडलेली 'अनकॅनी व्हॅली' ती हीच: जवळजवळ माणसासारखं, पण पुरतं नाही, असं काही बघताना वाटणारी अस्वस्थता.) प्रकाश त्वचेत शिरून पसरतो, म्हणून मागून उजेड आला की कान लालसर दिसतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सबसरफेस स्कॅटरिंगने (प्रकाशाच्या या पसरण्याची नक्कल करणारी सोय) ते साधतं, पण प्रमाण जरा वाढलं की माणूस मेणाचा.

केसांवर मात्र एकच ओळ? त्यावर वेगळा लेख येऊ द्या, आणि सुरुवात भुवयांपासून करा.